बिऱ्हाड हलवताना: नव्या लॅपटॉपवर आणि नव्या सिस्टीमवर मराठी काम कसं न्यावं

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, वर्षातून एखादी स्मरणिका, आणि मार्केट यार्डातल्या दोन अडत दुकानांची बिलबुकं व टॅली, एवढा सगळा संसार एका जुन्या लॅपटॉपवर चालायचा. त्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपणार हे माहीत होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. माझ्या यंत्रात यातलं काहीच नव्हतं. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण अकरा वर्षांच्या लॅपटॉपला आणखी वर्षभर ओढण्यात मला राम वाटला नाही.

नवा लॅपटॉप घेतला. वालचंद कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला म्हटलं, "दोन तासांचं काम आहे, रविवारी ये."

तो म्हणाला, "मावशी, फायली दोन तासांत जातील. तुझं काम जायला महिना लागंल."

पोरगं बरोबर होतं. बत्तीस दिवस लागले. त्यातले दहा माझ्याच चुकांनी गेले. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी रोजच्या कामासाठी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम, घेतलं आणि विंडोज ११ बाजूला ठेवलं. तुम्ही नुसते विंडोज ११ वर जाणार असाल तर मिंट बसवण्याचा भाग सोडा, बाकीचं तुम्हालाही तितकंच लागू आहे.

मुहूर्त

हसू नका, हा खरंच पहिला टप्पा आहे. लगीनसराईत, मार्चअखेरीला किंवा हळदीचे सौदे जोरात असताना यंत्र बदलायचं नाही. जीएसटीचं काम असेल तर महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा, २१ ला सुरुवात करा. मी लॅपटॉप गणपतीत घेतला आणि काम हलवलं पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत पत्रिकेसाठी दुकानाकडे कुणी फिरकत नाही. आईने नाक मुरडलं, पण वस्तू आधीच घरात आलेली असल्यामुळे तिला काही बोलता आलं नाही.

आठवडाभर वही

नव्या यंत्राला हात लावण्याआधी सात दिवस जुन्या यंत्राशेजारी एक वही ठेवा. जे उघडाल ते लिहा: कुठलं सॉफ्टवेअर, कुठला फाँट, कुठला प्रिंटर, कुठल्या साइटचं लॉगिन, कुठलं यूएसबी टोकन. भाच्याने विचारलं तेव्हा मी चार सॉफ्टवेअरची नावं सांगितली होती. आठवड्याने वहीत एकवीस नोंदी झाल्या. स्कॅनरबरोबर आलेला छोटा प्रोग्रॅम, ज्यात मी आधारकार्डाची झेरॉक्स एका पानावर बसवते, तो मला आठवलाच नव्हता. तो नसता तर पहिल्याच सकाळी गिऱ्हाईक काउंटरवर उभं आणि मी शोधत बसले असते.

मग प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर घाला. 'न' म्हणजे नव्या सिस्टीमवर तसंच चालेल: फायरफॉक्स, क्रोम, व्हीएलसी, थंडरबर्ड. 'प' म्हणजे पर्याय आहे: वर्डला लिब्रेऑफिस रायटर, फोटोशॉपच्या किरकोळ कामाला गिंप, साध्या चित्रांना इंकस्केप. 'व' म्हणजे विंडोजशिवाय गत्यंतर नाही. माझ्याकडे 'व' पुढे तीन नावं आली: टॅली, कोरलड्रॉ आणि जुन्या मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर. म्हणून नव्या लॅपटॉपवरचं विंडोज ११ पुसलं नाही. सगळं काम लिनक्सवर न्या असं मी कुणाला सांगणार नाही. ज्याचं पोट कोरलवर आहे त्याने पोटाशी खेळू नये.

आधी अक्षरं

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि मराठी टाइप करणाऱ्या कुणाचाही इथेच जाईल.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फाँटांत टाइप केलेली फाइल खरं तर मराठी नसते. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात आणि फाँट त्या आकड्यांवर मराठी आकार रंगवतो. फाँट काढला की उरते इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये 'क' चा आकडा 'क' चाच असतो, फाँट कुठलाही लावा. म्हणजे युनिकोडमधली फाइल कुठेही नेली तरी वाचता येते, आणि जुन्या फाँटातली फाइल त्या फाँटाशी जन्माची बांधलेली असते.

म्हणून मराठी फायलींचे आधी ढीग करा.

पहिला ढीग मेलेल्या कामांचा: २०१४ ची पत्रिका, संपलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र. यांचं रूपांतर करत बसू नका. जुन्या यंत्रावर, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून फाँटासकट पीडीएफ करा. पीडीएफच्या माहितीत फाँटापुढे 'एम्बेडेड' असं दिसलं पाहिजे. पाहायला आणि पुन्हा छापायला तेवढं पुरतं. हे काम जुनं यंत्र चालू आहे तोवरच करता येतं, हे मात्र ध्यानात ठेवा. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे यंत्राला खोचायची परवान्याची किल्ली, लागतं त्याचं तर नक्कीच. माझं डोंगल नव्या विंडोजने ओळखलंच नाही.

दुसरा ढीग जिवंत कामांचा: दरवर्षी बदलून छापल्या जाणाऱ्या प्रश्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रांचे मसुदे, बिलांचे नमुने, पत्रिकांचा ठरलेला मजकूर. हे युनिकोडमध्ये आणायचं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फाँटाची आकड्यांची मांडणी वेगळी असते. 'जुना मराठी फाँट' असा एकच प्रकार नसतो. फाइलमधल्या फाँटाचं नेमकं नाव पाहून त्याचाच कन्व्हर्टर वापरा.

आणि आधी चाचणीचं पान करा. एका पानावर अवघड अक्षरं असलेले शब्द जुन्या फाँटात टाइप करा, रूपांतर करा आणि छापील प्रतीशी ताडून पाहा. माझ्या पानावर हे शब्द होते: बिऱ्हाड, शेतकऱ्यांना, स्थिती, मार्केट, कीर्ती, ब्राह्मण, शुद्ध, विद्यालय, यज्ञ, कृष्णा, ट्रस्ट, ॲड., ऑफिस, हळद, वाङ्मय, रुपये, रूप. शेवटी दहाही अंक आणि कंस, अवतरणचिन्हं.

चुका कुठे होतात त्यालाही कारण आहे. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. कन्व्हर्टरला ती उचलून जोडाक्षराच्या पार पलीकडे ठेवावी लागते. त्यात तो चुकला की 'स्थिती' मध्ये वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध अडकते आणि एक रिकामं गोल वर्तुळ दिसतं. रफाराचं उलट: जुन्या फाँटात तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. आणि मजकुराच्या मध्ये इंग्रजी शब्द असेल, बँकेचं नाव किंवा ईमेलचा पत्ता, तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून चावून टाकतो. असे शब्द आधीच बाजूला काढून ठेवा.

आता माझी चूक. कन्व्हर्टरने 'शेतकऱ्यांना' चं 'शेतकर्यांना' केलं होतं. पोटातला अर्धा र गेला, डोक्यावर रफार आला. मी हुशारी केली आणि सगळ्या फायलींत 'र्या' काढून 'ऱ्या' घातलं, एका दमात. शेतकरी सुधारले. पण 'कार्यालय' चं सगळीकडे 'काऱ्यालय' झालं. 'पर्याय' चं 'पऱ्याय'. एका संस्थेची चाळीस पानांची नियमावली तशीच छापायला जाणार होती, त्यांच्या सचिवांच्या नजरेस पडलं म्हणून वाचले. तेव्हा शोध आणि बदल करताना 'सगळे बदला' हे बटण दाबू नका. एकेक शब्द पाहून पुढे जा. किंवा पूर्ण शब्दांची यादी करा: शेतकऱ्यां, दुसऱ्या, तिसऱ्या, कर्मचाऱ्यां, व्यापाऱ्यां, अधिकाऱ्यां, वाऱ्या, पायऱ्या. आठ-दहा शब्दांत नव्वद टक्के काम उरकतं.

दुसरी बारीक गोष्ट 'ॲ' ची. ते दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं: एक सलग अक्षर म्हणून, आणि दुसरं 'अ' वर चंद्र जोडून. सलग अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, म्हणून त्याआधीच्या फायलींत दुसरा प्रकार असतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधताना एक दुसऱ्याला ओळखत नाही. वकिलांच्या यादीत 'ॲड.' शोधलं आणि निम्मेच सापडले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. इथे मात्र 'सगळे बदला' बिनधास्त चालतं.

रकमा असलेलं प्रत्येक पान माणसाने वाचायचं. अक्षर चुकलं तर हसं होतं, अंक चुकला तर भांडण होतं.

प्रती: एक घरात, एक उंचावर

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही संगणक, प्रिंटर, कागदाची रिमं सगळं माळ्यावर चढवलं. बॅकअपची हार्ड डिस्क मात्र काउंटरच्या खालच्या खणात राहिली. संगणक वाचला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझी दुसरी प्रत दुकानात नसते, मिरजेला बहिणीकडे असते.

यंत्र बदलतानाही दोन प्रती करा, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि काम संपेपर्यंत त्यातली एक कुठेच जोडू नका. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असावी, दोन्ही मिंटला वाचता येतात. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडतात.

कॉपी करण्याआधी दोन ठिकाणं पाहा. एक, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीकडे, वळवलेले आहेत का. ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या तुमच्या डिस्कवर नाहीत, नुसतं नाव आहे. त्यांवर उजवी क्लिक करून 'कायम या यंत्रावर ठेवा' हा पर्याय निवडा आणि त्या उतरू द्या. दोन, सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवलेले फोल्डर. टॅलीचा डेटा, स्कॅनरचे फोटो, जुन्या सॉफ्टवेअरचे नमुने हे सहसा डॉक्युमेंट्सच्या बाहेर असतात. फाँटांचं फोल्डर वेगळं कॉपी करा.

आता फाइलींची नावं. हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं, अनुभवाने कळलं. विंडोजवर फाइलीचं नाव २५५ अक्षरांचं चालतं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल पद्धतीत मर्यादा २५५ बाइट्सची आहे, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, ३ बाइट्स खातं. म्हणजे साधारण ८५ चिन्हांत खेळ संपला. 'श्री व सौ... यांच्या चिरंजीवांच्या शुभविवाहाची पत्रिका अंतिम दुरुस्त प्रत दोन' अशी नावं द्यायची माझी सवय होती. कॉपी करताना अशा अठ्ठावीस फायली 'नाव फार लांब' म्हणून मागे राहिल्या. नावं आधीच आखूड करा: आडनाव, तारीख, काम. विंडोजमध्ये लहान आणि मोठ्या इंग्रजी लिपीतली नावं एकच समजली जातात, लिनक्समध्ये ती दोन वेगळ्या फायली होतात, हेही जाता जाता.

कॉपी झाल्यावर नुसता आकार जुळला म्हणून समाधान मानू नका. फ्रीफाइलसिंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. त्यात मजकुरानुसार तुलना करण्याचा पर्याय आहे. रात्री लावून झोपा.

टॅली, टोकन, टपाल, पासवर्ड

टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या, आणि नव्या यंत्रावर रिस्टोअर करून दोन-तीन खात्यांच्या शिल्लक रकमा जुन्या यंत्राशी जुळवा. त्यानंतरच जुन्या यंत्रावरून लायसन्स 'सरेंडर' करा. एकाच यंत्राचं लायसन्स असेल तर ते सोडल्याशिवाय नव्या ठिकाणी नीट बसत नाही. आधी जुनं यंत्र फॉरमॅट केलं आणि मग लायसन्स आठवलं, असं झालं की फोनवर वेळ जातो.

डिजिटल सहीचं टोकन म्हणजे डीएससी. त्यातली गुप्त किल्ली कॉपी होत नाही, ती टोकनमधून बाहेर येऊ नये म्हणूनच टोकन असतं. तेव्हा हलवायचा असतो फक्त ड्रायव्हर आणि सरकारी साइटशी बोलणारं छोटं सॉफ्टवेअर. मी ते विंडोजच्याच बाजूला ठेवलं. टोकनचा पासवर्ड चुकीचा टाकून पाहत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं.

टपाल थंडरबर्डमध्ये असेल तर प्रोफाइलचं अख्खं फोल्डर उचलून नव्या ठिकाणी ठेवलं की पत्रं, पत्ते, सेटिंग सगळं येतं, सिस्टीम वेगळी असली तरी. वेबवरच मेल पाहत असाल तर काही करायचं नाही. जुन्या पीओपी पद्धतीने मेल उतरवत असाल तर ती पत्रं फक्त त्याच यंत्रावर असतात, त्यांना विसरू नका.

क्रोमचं प्रोफाइल फोल्डर विंडोजवरून उचलून लिनक्सवर टाकलं तर पासवर्ड येत नाहीत, कारण विंडोज ते त्या खात्याच्या कुलपात ठेवतं. सिंक वापरा. नाहीतर पासवर्डची यादी फाइलमध्ये काढा, नव्या ब्राउझरमध्ये घाला आणि ती फाइल लगेच, कचऱ्याच्या डब्यातूनही, काढून टाका. ती साधी मजकुराची फाइल असते. कुणीही वाचू शकतं.

बसवण्याआधी तालीम

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, तालमीशिवाय पडदा उघडणं इथं शोभत नाही. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम बांधलेली एक फाइल, अधिकृत साइटवरून उतरवा, ती जशीच्या तशी उतरली का हे कळायला तिचा शा-२५६ आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळवा, आणि रूफस किंवा एचरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की काहीही न बसवता मिंट चालतं. या अवस्थेत तासभर घालवा: वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणं आणि पुन्हा जागं होणं, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर.

प्रिंटरचं सांगते. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरना मिंटमध्ये आधीच असलेला एचपीलिप हा ड्रायव्हर पुरतो, लेसरजेट १०२० सारख्या काहींना वेगळा प्लगइन उतरवावा लागतो, एवढंच. अलीकडचे वायफाय प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात. पण जुने, स्वस्तातले लेसर प्रिंटर जे फक्त स्वतःच्या भाषेत बोलतात, ते रुसतात. माझ्या दोनपैकी एक रुसला. तो आता विंडोजची बाजू सुरू असतानाच चालतो, मी त्यावर पाकिटांचे पत्ते छापते. हे तालमीत कळलं म्हणून बरं.

बसवणं

मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत आधार आहे, म्हणून तेच घेतलं.

विंडोजमध्ये आधी तीन गोष्टी करा. पहिली, बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का पाहा. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आपल्याला न विचारता चालू असतं. त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्या, स्क्रीनशॉट त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही. मग ते बंद करा आणि डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबा. दुसरी, पॉवरच्या सेटिंगमधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटमधून त्याच्या डिस्कवरची फाइल उघडते पण साठवता येत नाही. तिसरी, डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आखडून जागा मोकळी करा. माझ्या ५१२ जीबीत विंडोजला २०० ठेवले, बाकी मिंटला.

हे कापाकापीचं काम विंडोजमधूनच करा, मिंटच्या इन्स्टॉलरकडून नको. इन्स्टॉलरला फक्त मोकळी जागा दाखवा, 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा पर्याय निवडा. 'डिस्क पुसा' हा पर्याय त्याच पडद्यावर असतो, तिथे घाई करू नका. चार्जर लावलेला असू द्या, आमच्या बोळात लाइटचा भरवसा नाही.

पहिल्यांदा विंडोजकडे परतलात की घड्याळ साडेपाच तासांनी मागे दिसेल. घाबरू नका. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्याला भारतीय वेळ समजतं. मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटतं, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम आहे. ते करेपर्यंत बँकेच्या साइटवर जाऊ नका, चुकीच्या वेळेमुळे साइट सुरक्षित नसल्याचा इशारा येऊ शकतो.

कळफलक आणि कागद

इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक, येत असेल तर तुम्ही सुखी. मिंटच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये किंवा आयबस या टायपिंगच्या सोयीतून मराठी इनस्क्रिप्ट जोडा, बोटं तीच. 'एन' वर ल, शिफ्टबरोबर ळ, 'जे' वर र, शिफ्टबरोबर ऱ. 'बिऱ्हाड' टाइप करायला शिफ्ट-जे, हलन्त, ह. हलन्त 'डी' वर आहे.

टाइपरायटरवर शिकलेल्यांची पंचाईत होते. आयबसमध्ये हिंदी रेमिंग्टन मिळतो, पण त्याच्या सगळ्या कळा मराठी मशीनसारख्या असतीलच असं नाही. माझ्याकडे टायपिंगला येणाऱ्या वहिनी परीक्षेपासून मशीनच्या कळफलकावरच आहेत. त्यांना बदल म्हटलं तर त्या म्हणाल्या, "ताई, पन्नाशीला बोटं नवी कुठून आणू?" त्यांचं काम विंडोजवरच ठेवलं. सगळ्यांना एका गाडीत बसवायचा हट्ट नको. मला स्वतःला इनस्क्रिप्ट यायला तीन आठवडे लागले, रोज संध्याकाळी अर्धा तास.

लिब्रेऑफिसमध्ये एक खाच आहे. तिथे इंग्रजीचा फाँट वेगळा आणि मराठीचा, म्हणजे 'कॉम्प्लेक्स' लिपीचा, वेगळा ठरतो. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स लिपी चालू करा, तिथे मराठी निवडा, आणि मूळ परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये मराठीचा फाँट व आकार बसवा. नाहीतर तुम्ही वरून फाँट बदलत राहाल आणि मराठी अक्षर ढिम्म हलणार नाही. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक फायदा: काही फाँटांत 'ल' आणि 'श' ची मराठी वळणं त्यामुळेच येतात. हिंदी वळणाचा 'ल' पत्रिकेवर आला की जुन्या पिढीचे लोक लगेच बोट ठेवतात.

मंगल आणि निर्मला हे फाँट विंडोजबरोबर येतात, मिंटबरोबर नाही. त्यात केलेली वर्डची फाइल मिंटमध्ये उघडते, पण बदली फाँट लागून ओळी सरकतात आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर सांडते. उपाय सोपा आहे: दोन्हीकडे चालणारा मोफत फाँट धरा आणि सगळे नमुने त्यात आणा. मी मजकुराला मुक्त, शीर्षकाला तिरो देवनागरी मराठी वापरते. नोटो सान्स देवनागरीही चांगला आहे. गिऱ्हाइकाला मात्र नेहमी पीडीएफच पाठवते. वर्डची फाइल मागितली तर दोन्ही.

दोन यंत्रं, एक महिना

पहिल्या आठवड्यात फक्त नवी कामं नव्या यंत्रावर घ्या. जुनी, अर्धवट कामं जुन्यावरच संपवा. एकच फाइल दोन्हीकडे उघडून दुरुस्त करायची नाही, शेवटची प्रत कुठली ते देवालाही कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात जिवंत नमुने एकेक करून आणा, गरज पडेल तसे. तिसऱ्या आठवड्यात मी जुना लॅपटॉप कपाटात ठेवला आणि वहीत नोंद करत गेले: आज त्याला कशासाठी बाहेर काढलं? सहा वेळा काढला. चार वेळा जुन्या फाँटासाठी, एकदा एका गिऱ्हाइकाच्या फोटोसाठी, एकदा नुसता धीर धरवेना म्हणून.

पूर्ण महिनाभर, त्यात जीएसटीची एक फेरी धरून, जुन्याला हात लावावा लागला नाही, की मगच तो पुसा. फिरती हार्ड डिस्क असेल तर एकदा पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली की पुरतं. एसएसडी असेल तर नुसतं फॉरमॅट किंवा वरून लिहिणं भरवशाचं नाही, उत्पादकाची 'सिक्युअर इरेज' सोय वापरा. लोकांची आधारकार्डं, सातबारे आणि लग्नाळू मुलींचे बायोडेटा त्यात असतात, भंगारवाल्याकडे तसं देऊ नका.

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये भाच्याने शेवटी एक छोटी एसएसडी घातली आणि त्यावरही मिंट चढवलं. ४ जीबी रॅमवर तो पळत नाही, पण चालतो. आता तो काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला आहे. पत्रिकेचं प्रूफ लोक त्यावर स्वतः वाचतात आणि मामाचं नाव राहिलं की मला हाक मारतात. जुनी फिरती डिस्क मी पुसलेली नाही. ती मिरजेला बहिणीकडे, पाकिटावर तारीख लिहून, वरच्या फळीवर आहे.